‘अजून चालेल’, पण कोणत्या रस्त्यावर?

टायरच्या दुकानात सर्वांत जास्त ऐकू येणारा निकाल म्हणजे ‘अजून चालेल’. दुकानदार गाडीपाशी उकिडवा बसतो, टायरवरून हात फिरवतो, अंगठ्याचं नख खाचेत घालून बघतो आणि म्हणतो, ‘साहेब, पाच-सात हजार किलोमीटर आरामात निघतील.’ मालकालाही तेच ऐकायचं असतं. साध्या हॅचबॅकचे चारही टायर बदलायचे म्हटलं तरी वीस-पंचवीस हजार रुपये लागतात. सप्टेंबर २०२५मध्ये नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तरी हा खर्च घरच्या बजेटमध्ये अचानक येऊन बसणाराच आहे.

दुकानदार खोटं बोलत नसतो. जानेवारीत पुण्याहून सोलापूरला कोरड्या रस्त्याने जाऊन यायचं असेल, तर तो टायर खरंच चालेल. तोच टायर जुलैमध्ये ताम्हिणी घाटात भरवशाचा नाही. आणि खाचा भरपूर शिल्लक असलेला, पण नऊ वर्षांचा जुना टायर एप्रिलच्या दुपारी समृद्धी महामार्गावरही भरवशाचा नाही. आपल्याकडे टायरचा निर्णय किलोमीटरच्या आकड्यावर घेतला जातो. तो रस्ता आणि ऋतू पाहून घ्यायला हवा आणि महाराष्ट्रात तरी त्यासाठी योग्य महिना मे आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आधी कायद्याचं बघू. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असायला हव्यात. नव्या टायरमध्ये ही खोली साधारण आठ मिलिमीटर असते. मर्यादा ओळखण्याची सोय टायरमध्येच केलेली असते. टायरच्या कडेला, जिथे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते, तिथे एक छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं शोधा. तिथून सरळ आडवं आत आलात, की मुख्य खाचेच्या तळाशी रबराचा एक बारीक उंचवटा बोटाला लागतो. आजूबाजूची नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली, की टायर कायद्याने संपला. पण ही शेवटची रेषा आहे. टायर अमुक दिवशी बदला, असा सल्ला ती देत नाही. बरेच जण ‘पट्टीला टेकेपर्यंत चालवायचं’ असं गृहीत धरतात आणि खरी चूक तिथे होते.

ती चूक का, हे समजायला पाण्याकडे बघावं लागतं. गाडीचं वजन साधारण एक टन धरा. एका चाकावर अडीचशे किलो भार येतो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल, तर तो भार पेलायला रस्त्याला टेकलेला रबराचा तुकडा शंभर-सव्वाशे चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या तळहाताएवढा असतो. अशा चार तुकड्यांवर अख्खं कुटुंब ऐंशीच्या वेगाने जात असतं. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचलेलं असेल आणि टायर १८५ मिलिमीटर रुंद असेल, तर या वेगाला त्या टायरला दर सेकंदाला सुमारे १२ लिटर पाणी वाटेतून बाजूला करावं लागतं. त्यातलं काही बाजूला उडतं, बाकीचं खाचांमधून मागे फेकलं जातं. खाचा आठ मिलिमीटरच्या १.६ मिलिमीटरवर आल्या, म्हणजे पाण्याला जायची जागा पाचव्या हिश्शावर आली. वाट मिळाली नाही, की पाणी टायरखाली पाचरीसारखं घुसतं आणि टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो. त्या क्षणी स्टीअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेक दाबून काही उपयोग होत नाही. (असं झालंच, तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय अलगद काढावा, स्टीअरिंग सरळ धरावं आणि टायर पुन्हा रस्ता पकडेपर्यंत जोरात ब्रेक मारू नये.)

टायर पाण्यावर कोणत्या वेगाला तरंगतो, याचं एक सूत्र नासाच्या संशोधकांनी १९६०च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून मांडलं. हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढा, नऊने गुणा, येईल तो वेग नॉटमध्ये. मोटारीच्या टायरला ते तंतोतंत लागू होत नाही, पण अंदाज देतं. ३३ पीएसआय हवेला हा वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो. हवा २५ पीएसआयवर उतरली असेल, तर तो ८३वर येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींची वेगमर्यादा १०० आहे, हे आकडे त्याच्याशेजारी ठेवून पाहा. खाचा चांगल्या असल्या, तर पाणी बाहेर निघत राहतं आणि ही वेळ सहसा येत नाही. खाचा गेल्या आणि हवाही कमी असली, की वेगमर्यादा पाळूनसुद्धा गाडी हातातून जाऊ शकते.

हे उन्हाळ्यात कळत का नाही? कारण कोरड्या रस्त्यावर घासलेला टायर वाईट वागत नाही. नक्षीचे उंच ठोकळे झिजून बुटके झाले, की ते कमी डुलतात, आणि गाडी उलट घट्ट धरल्यासारखी वाटते. कोरड्या ट्रॅकवर धावणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांचे टायर याच कारणाने गुळगुळीत असतात. पाऊस आला, की त्या गाड्या टायर बदलायला पिटमध्ये येतात. आपल्याला ती सोय नाही. ऑक्टोबर ते मे आठ महिने टायर तक्रार न करता झिजत जातो आणि पहिल्या मोठ्या सरीत त्याची परीक्षा होते.

म्हणून मे महिन्याचा हिशेब. टायर साधारण ४५ हजार किलोमीटर चालतो असं धरलं, तर एक मिलिमीटर झिजायला सात हजार किलोमीटर लागतात. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी गाडी पावसाच्या चार महिन्यांत अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त झीज करते. मे महिन्यात खाच दोन मिलिमीटर असेल, तर टायर कायद्यात बसतो, पण गणपतीत कोकणात निघताना तो कायद्याबाहेर गेलेला असेल किंवा अगदी काठावर असेल. मे महिन्यात तीन मिलिमीटर असेल, तर पाऊस संपतानाही जवळजवळ अडीच उरतात. तेव्हा माझा नियम सोपा आहे: मेअखेर तीन मिलिमीटरच्या खाली असलेला टायर पावसात न्यायचा नाही. घाटात किंवा महामार्गावर नेहमी जाणाऱ्यांनी तर अजिबात नाही. गाडी फक्त शहरात चाळीसच्या वेगाने फिरत असेल, तर थोडी ढिलाई चालेल.

याच्या उलट मतही आहे आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. मिशलँसारखी कंपनी सांगते, की तीन मिलिमीटरवर सरसकट टायर फेकणं ही पैशांची आणि रबराची नासाडी आहे. चांगला टायर १.६पर्यंत सुरक्षित राहायला हवा आणि चाचण्या नव्याबरोबर झिजलेल्या टायरच्याही व्हायला हव्यात. युरोपमध्ये आता ओल्या रस्त्यावरच्या पकडीची चाचणी झिजलेल्या टायरवरही घेण्याची सक्ती सुरू झाली आहे. मुद्दा रास्त आहे. पण आपल्या दुकानात टायर घेताना तो झिजल्यावर कसा वागेल, हे सांगणारा आकडा आपल्या हाती नसतो, आणि सह्याद्रीतला पाऊस म्हणजे रिमझिम नव्हे. तोवर मी तीन मिलिमीटरच धरेन.

मोजायला खाचेची खोली दाखवणारा छोटा गेज शे-दोनशे रुपयांत मिळतो. नाणं खाचेत घालून बघण्याच्या ज्या युक्त्या इंटरनेटवर फिरतात, त्या परदेशी नाण्यांच्या मापावर बेतलेल्या आहेत. आपल्या रुपयाला त्या लागू नाहीत. मोजताना एकाच जागी मोजून थांबू नका. स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे पुढच्या टायरची आतली कड दिसते. अनेक गाड्यांची बाहेरून सुंदर दिसणारी नक्षी आतल्या कडेला पार गुळगुळीत झालेली असते. हा अलाइनमेंट बिघडल्याचा पुरावा. ते दुरुस्त न करता नवा टायर घातला, तर तोही तसाच जाईल. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा उंच राहिला, तर गाडी महिनोन् महिने कमी हवेवर चालली आहे. मधलाच पट्टा झिजला, तर हवा जास्त भरली गेली. जागोजागी खड्ड्यांसारखी झीज दिसली, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग तपासायला हवं. मधल्या खाचेत चार मिलिमीटर आणि आतल्या कडेला एक असेल, तर त्या टायरची खोली एक मिलिमीटरच धरायची. सरासरी काढायची नाही.

खोलीइतकंच वय महत्त्वाचं, आणि त्याकडे आपण जवळजवळ बघतच नाही. प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशी एखादी गाडी असते: निवृत्त काका-काकूंची, आठ वर्षांत पंचवीस हजार किलोमीटर चाललेली, टायरची नक्षी नव्यासारखी. ‘आमचे टायर तर घासलेच नाहीत’ असं काका आनंदाने सांगतात. रबर मात्र उभ्या गाडीतही म्हातारं होत असतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक आणि ठिसूळ करतात. टायरच्या रबरात यावर उपाय म्हणून मेण मिसळलेलं असतं. टायर फिरताना, दबताना ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि थर धरतं. गाडी उभीच राहिली, की हे मेण नीट वर येत नाही. मग बाजूच्या भिंतीवर आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा दिसू लागतात.

वय टायरवर लिहिलेलं असतं. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे कधी कधी एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत गेलेली असते. तेव्हा टॉर्च घेऊन वाकावं लागलं, तरी वाका. नवा टायर विकत घेतानाही रिमवर चढवण्याआधी हे आकडे स्वतः वाचा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर कसाही दिसत असला तरी बदल, असं मोठे टायर उत्पादक सांगतात. काही मोटार कंपन्या सहा वर्षांवरच बदला म्हणतात. आपल्याकडचं ऊन पाहता सहा-सात वर्षं ही मर्यादा मला योग्य वाटते. स्टेपनीलाही हेच लागू. ती वापरली नाही म्हणून तरुण राहत नाही.

वयाची किंमत काय असते, हे ब्रिटनने पाहिलं आहे. सप्टेंबर २०१२मध्ये ‘बेस्टिव्हल’ हा संगीतमहोत्सव आटोपून परतणाऱ्या तरुणांची बस सरे परगण्यात हाइंडहेडजवळ रस्ता सोडून झाडावर आदळली आणि तिघांचा जीव गेला. बसचा पुढचा टायर १९ वर्षांहून जुना निघाला. त्या अपघातात मुलगा गमावलेल्या एका आईने अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि फेब्रुवारी २०२१पासून तिथे बस व ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर वापरण्यावर बंदी आली. आपल्याकडेही अशी वयाची मर्यादा, निदान प्रवासी वाहनांसाठी, यायला हवी.

समृद्धी महामार्ग म्हणजे याच जुन्या टायरची दुसरी परीक्षा. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला. जून २०२५पासून ७०१ किलोमीटरचा अख्खा मार्ग खुला आहे. मोटारींना १२०ची मर्यादा, सरळ काँक्रीट, विदर्भातलं ऊन आणि तासन् तास न बदलणारा वेग. घासलेल्या टायरच्या गाड्या अडवण्याची मोहीम परिवहन विभागाला इथे हाती घ्यावी लागली. या रस्त्याबद्दल ‘काँक्रीटवर हवा थोडी कमी ठेवा’ असा एक सल्ला फिरतो. तो धोकादायक आहे. हवा कमी असली, की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते. त्या दबण्याने आत उष्णता साठते आणि रबर व आतले पोलादी पट्टे एकमेकांपासून सुटू लागतात. तापमान दहा अंशांनी वाढलं, तर दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. तेवढं धरूनच टायर बनवलेला असतो. गाडीच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला दाब, सकाळी टायर थंड असताना भरा, आणि वाटेत गरम टायरमधली हवा सोडू नका. नायट्रोजनबद्दल लोक फार विचारतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नियमित तपासणीला तो पर्याय नाही.

काही टायर खोली आणि वय न पाहताच बाद करायचे. खड्ड्यात आपटून भिंतीवर फुगा आला, म्हणजे आतले धागे तुटले. तो टायर गावापर्यंतही जपून न्यायचा नाही, तिथेच स्टेपनी लावायची. पंक्चर भिंतीत किंवा अगदी कडेला असेल, तर ते काढून घेऊ नका. ट्यूबलेस टायर हवा गेलेल्या अवस्थेत चालवला गेला असेल, तर रिमवरून उतरवल्यावर आत बघा. काळा भुगा निघाला, तर भिंत आतून खरडली गेली आहे आणि बाहेरून तो कितीही धडधाकट दिसला तरी संपलेला आहे. आणि घासलेल्या टायरला रस्त्याकडेला नव्याने खाचा मारून देणाऱ्यांकडे मोटारीचा टायर कधीही देऊ नये. तळाशी उरलेलं पातळ रबरच त्यात कापलं जातं.

खिशाला झेपत नसेल, तर चारऐवजी दोन टायर बदलले तरी चालतात. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी मात्र याला अपवाद, तिला चारही सारखे लागतात. हे नवे दोन पुढे नव्हे, मागे लावायचे. यावर दुकानात वाद होतो, कारण गाडी पुढच्या चाकांनी ओढते आणि पुढचेच टायर आधी झिजतात. पण ओल्या वळणावर पुढची पकड सुटली, तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की सहसा सावरते. मागची पकड सुटली, तर गाडी गर्रकन फिरते, आणि तिला सावरणं सराईत चालकालाही जमत नाही. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा अंश असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा सबुरीने चालवावं लागतं. त्यामुळे टायर बदलण्याचं काम सहलीच्या आदल्या संध्याकाळी न करता आठ-पंधरा दिवस आधी उरकलेलं बरं. उतरवलेले टायर मात्र ‘कधीतरी लागतील’ म्हणून गच्चीवर नेऊन टाकू नका. त्यात साचलेल्या पावसाच्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. दुकानदाराकडेच द्या, आणि ते पुन्हा कुणाच्या गाडीला लागणार नाहीत, एवढं त्याच्याकडून वदवून घ्या.