विश्लेषण : जीपचा चेहरा नेमका कुणाच्या मालकीचा?

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ मध्ये आठ मोटारगाड्या कलावस्तू म्हणून मांडल्या. बेंटले, मर्सिडीज, लिंकन कॉन्टिनेंटल अशी बडी घराणी त्या ओळीत होती. सिसितालिया २०२ ही पिनिनफरिना यांनी घडवलेली इटालियन स्पोर्ट्स कार होती. आणि याच ओळीत, कुणी पाहुणा चुकून मंडपात शिरावा तशी, एक जीप उभी होती.

या आठपैकी दोन गाड्यांचा धागा कांदिवलीपर्यंत येतो. अकुर्ली रोडला ज्यांचा कारखाना आहे, त्या महिंद्राने जीपची जुळणी भारतात सुरू केली आणि पुढे, डिसेंबर २०१५ मध्ये, पिनिनफरिना ही कंपनीही विकत घेण्याचा करार केला. इटालियन घराणे पैसे मोजून मिळाले. जीपच्या रूपावर मात्र महिंद्राला अमेरिकेत भांडावे लागले.

जीप मुळात बनवली कुणी?

इथेच खरी मेख आहे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या टेहळणी गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारणा केली. नमुना गाडीसाठी मुदत होती अवघ्या ४९ दिवसांची. ती पाळली अमेरिकन बँटम या जवळपास बुडालेल्या छोट्या कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली.

पण एवढ्याशा कारखान्यातून हजारो गाड्या निघणार कशा, म्हणून लष्कराने बँटमचे आराखडे विलीज आणि फोर्ड यांनाही दाखवले. विलीजचे इंजिन सर्वांत दणकट होते. सपाट बॉनेट आणि दिवे जाळीच्या चौकटीतच सामावून घेणारा चेहरा ही फोर्डची भर. सुरुवातीच्या विलीज गाड्यांची जाळी लोखंडी पट्ट्या जोडून केलेली होती. फोर्डने एकाच पत्र्यात नऊ उभ्या खाचा पाडल्या. ते स्वस्त पडले आणि विलीजनेही तेच उचलले. युद्धकाळात दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. बँटमच्या वाट्याला आली ती प्रामुख्याने जीपमागे ओढायच्या ट्रेलरची कामे.

युद्धानंतर विलीजने ‘जीप आम्ही घडवली’ अशी जाहिरात चालवली, तेव्हा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९४८ मध्ये तसा दावा करायला मनाई केली. तरीही १९५० मध्ये ‘जीप’ हे नाव विलीजच्याच नावावर नोंदले गेले. पुढे ते कैसर, अमेरिकन मोटर्स, क्रायसलर, फियाट क्रायसलर असे हात बदलत आज स्टेलांटिसकडे आहे.

मुंबईत ती कशी रुजली?

ऑक्टोबर १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी सुरू झाली. भागीदार गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीची पाटी बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. विलीजच्या परवान्याने सुट्या भागांतून जीप जोडण्याचे काम आधी माझगावला सुरू झाले आणि नंतर कांदिवलीला आले.

पुढच्या काळात एक गंमत झाली. ‘सीजे-३बी’ ही उंच बॉनेटची जीप अमेरिकेत १९५३ मध्ये आली. नवे इंजिन उंच असल्याने बॉनेट वर उचलावे लागले होते, आणि ती थोडी बेढब दिसते हे तिचे चाहतेही मान्य करतात. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. आपल्याकडे मात्र ते त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिले. तिकडे संग्रहालयात गेलेली वस्तू इकडे तहसीलदाराच्या दारात उभी असे. जि.प.ची जीप, वनखात्याची जीप, प्रचाराची जीप, सातारा-कोल्हापूरकडे माणसे कोंबून धावणारे वडाप... मराठीत ‘जीप’ हे कुणा कंपनीचे नाव उरलेच नाही. ते ‘लोटा’, ‘घागर’ यांसारखे साधे सामान्यनाम झाले. कायदा मात्र भाषेचे ऐकत नाही.

मग वाद कशाचा झाला?

मार्च २०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेत ‘रॉक्सर’ आणली. सुटे भाग भारतातून जायचे आणि जुळणी डेट्रॉइटजवळच्या ऑबर्न हिल्स येथे व्हायची. ही गाडी हमरस्त्यावर नव्हे, तर शेतात आणि डोंगरात चालवण्यासाठी होती. ऑगस्टमध्येच फियाट क्रायसलरने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. ती नावाबद्दल नव्हती, दिसण्याबद्दल होती. सरळ उभ्या बाजूंची खोक्यासारखी काया, पुढे निमुळते होत जाणारे सपाट बॉनेट, बाहेरून दिसणारे बॉनेटचे खटके, चाकांवरची समलंब कमान, खाली पत्रा ठेवून कापलेली दाराची जागा, उभ्या खाचांची जाळी आणि तिच्यात गोल दिवे, हा सगळा साज आपला आहे, असे तिचे म्हणणे होते.

कायद्यात याला ‘ट्रेड ड्रेस’ म्हणतात. कुणी पार्ले-जीसारखाच पिवळा पट्टेरी पुडा काढून त्यावर वेगळे नाव छापले, तरी गिऱ्हाइकाची गल्लत होईलच. तसाच हा मामला. इथे वस्तू प्रथम कुणी घडवली यापेक्षा लोक ते रूप आज कुणाशी जोडतात, याला वजन असते. म्हणूनच बँटमची कल्पना आणि फोर्डची जाळी या इतिहासाचा महिंद्राला फार उपयोग नव्हता. आमचा वारसा १९४७ पासूनच्या परवान्यातून आला आहे, हे महिंद्राचे म्हणणे भावनेला पटणारे होते. तरी जून २०२० मध्ये आयोगाने निकाल विरोधात दिला आणि रॉक्सरच्या आयात-विक्रीवर बंदी आली.

महिंद्राने गाडीचे रूप बदलले. बदललेली गाडी नक्कल ठरत नाही, असे त्याच आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये मान्य केले. न्यायालयांतला झगडा मात्र त्यानंतरही चालला. २०२१ मध्ये थार ऑस्ट्रेलियात पोचण्याआधीच तिथे दावा दाखल झाला, आणि पूर्वसूचना दिल्याशिवाय सध्याच्या रूपातली थार आणणार नाही, अशी हमी महिंद्राला द्यावी लागली. म्हणजे देशात रांगा लावून विकली जाणारी गाडी परदेशी नेताना तिचा चेहराच आडवा येतो. १५ ऑगस्ट २०२४ रोजी पाच दारांची थार रॉक्स आली, तेव्हा जाळीत सातऐवजी सहाच खाचा होत्या. अनेकांनी त्या मोजल्या, यात नवल नाही.

शर्यतीत काय?

महिंद्राचा संघ २०१४ मधील पहिल्या मोसमापासून फॉर्म्युला ई या विजेवरील शर्यतीत आहे. पिनिनफरिनाच्या नावाची ‘बत्तिस्ता’ ही १,९०० अश्वशक्तीची विजेवरची मोटारही याच समूहातून आली. पण जीपच्या वंशाची खरी परीक्षा चिखलात होते. २०१४ पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात भरणाऱ्या ‘रेन फॉरेस्ट चॅलेंज’मध्ये जुन्या महिंद्रा जीप आणि थार ओळखू येणार नाहीत इतक्या बदललेल्या असतात. मोठी चाके, विंच, लोखंडी पिंजरा... काहींचे मूळ इंजिनही शिल्लक नसते.

जुनी जीप घेऊन असे काही करायचा बेत असेल, तर एक लक्षात ठेवा. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल केलेले वाहन नोंदणीत चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे अशा कित्येक जीप स्पर्धेच्या जागी स्वतःच्या चाकांवर नाही, तर ट्रकवर चढून जातात.