टाकीबाहेरचं पेट्रोल

‘गाडी रिझर्व्हला लागली’ हे आमच्या नेरूळच्या सोसायटीतली पोरं अजून म्हणतात, पण त्यातली हाताची करामत त्यांना ठाऊक नाही. चालती गाडी आचके द्यायला लागली की डावा हात आपोआप टाकीखाली जायचा, कॉक चाचपून फिरवायचा आणि दोन सेकंदांत इंजिनात पुन्हा जीव यायचा. खाली वाकून बघायचं नाही, थांबायचं नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चा नियम लागू झाला, बहुतेक नव्या दुचाक्यांचे कार्ब्युरेटर गेले आणि त्यांच्यासोबत कॉकही गेले. आता एक पिवळा दिवा लागतो आणि पोरं फोनवर जवळचा पंप शोधतात.

मला पेट्रोलचा हिशेब लिहून ठेवायची खोड आहे. किती किलोमीटर, किती लिटर, कुठे भरलं. परवा या सगळ्या वह्या चाळताना एक गंमत सापडली. जवळपास तीस वर्षांत लांबच्या प्रवासाला डबा भरून जादा पेट्रोल कितीदा तरी नेलं, पण ते माझ्या स्वतःच्या टाकीत गेल्याची नोंद एकच आहे. तीही गरजेपोटी नाही, डबा गळायला लागला म्हणून.

पहिली नोंद डिसेंबर १९९६ ची. वाशीहून गोवा, तीन गाड्या: बाबांची सीडी १००, एक आरएक्स १०० आणि एक येझदी. पळस्पे फाट्यावरून तेव्हाच्या सतरा नंबरच्या हायवेला लागलो. रात्री कोकणात पंप उघडा मिळेल याचा भरवसा नसे, म्हणून इंजिन ऑइलच्या रिकाम्या डब्यात चार लिटर आणि पाण्याच्या दोन बाटल्यांत दोन लिटर घेतलं होतं. माझ्या गाडीला त्याची काहीच गरज नव्हती. सीडी १०० लिटरला साठाच्या वर जायची, एका टाकीत पणजी जवळजवळ गाठली असती. ढोसायची ती येझदी. पोलादपूर सोडल्यावर कशेडी घाटात पहाटे दोनला ती बंद पडली. आडवी करून झाली, टाकीत फुंकर मारून झाली. मग डबा काढला आणि लक्षात आलं, की टू-स्ट्रोक गाडीला नुसतं पेट्रोल चालत नाही, टाकीत ऑइल मिसळावं लागतं, नाहीतर पिस्टन जाम. ऑइलची पाकिटं राहिली होती वाशीत, टेबलावर. शेवटी आरएक्सच्या वेगळ्या ऑइल-टाकीची नळी सोडवून बाटलीच्या झाकणानं मापून ऑइल घेतलं. पुढचे दहा किलोमीटर येझदीमागे असा पांढरा धूर, की घाटातलं धुकं कुठलं आणि तिचं कुठलं ते कळेना.

प्लॅस्टिकच्या बाटलीतून पेट्रोल नेणं कायद्यात बसत नाही, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं. १९३४ चा पेट्रोलियम कायदा विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत बाळगू देतो, पण भांडं घट्ट बुचाचं हवं. काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर जास्तीत जास्त एक लिटरचं, धातूचं असेल तर पंचवीस लिटरपर्यंतचं. त्यात प्लॅस्टिकचं नावही नाही. पंपावरचा माणूस सुटं पेट्रोल द्यायला नकार देतो तेव्हा आपण त्याच्याशी हुज्जत घालतो. बहुतेक वेळा बरोबर तोच असतो.

गोव्याचं आणखी एक आठवलं. एप्रिल २०१२ मध्ये मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला आणि तिथं लिटरमागे सुमारे अकरा रुपये उतरले. सिंधुदुर्गातली माणसं पत्रादेवीचा नाका ओलांडून टाक्या भरायला जायची. डबा तेव्हा प्रथमच अडचणीसाठी नव्हे, स्वस्ताईसाठी निघाला.

खरी कसोटी लडाखची. आम्ही २०११ मध्ये गेलो. रेल्वेनं गाडी पाठवायची तर टाकी कोरडी करून द्यावी लागते, हा नियम योग्यच. पण ज्या प्रवासासाठी जादा पेट्रोलची एवढी तजवीज केली, त्याची सुरुवात चंडीगडला भर उन्हात कोरडी बुलेट पंपापर्यंत ढकलत झाली.

मनाली-लेह रस्त्यावर केलाँगच्या अलीकडे तांडीचा पंप आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, असं सांगणारी तिथली पाटी सगळ्यांच्या फोटोत असते. प्रत्यक्षात लेहच्या पस्तीसेक किलोमीटर आधी कारूला पंप लागायचा, म्हणजे अंतर ३३० च्या आसपास. माझ्या बुलेट क्लासिकची टाकी साडेतेरा लिटरची. सायन-पनवेल रस्त्यावर ती लिटरला ३५ द्यायची. पण उंचावर हवा विरळ. कार्ब्युरेटर पेट्रोल पूर्वीसारखंच सोडतो, हवा मात्र कमी मिळते, त्यामुळे गाडी काळा धूर ओकते आणि अ‍ॅव्हरेज पडतं. २५ धरलं तर एका टाकीत ३३७. इतक्या काठावरच्या हिशेबावर कोण विसंबणार? पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन तांडीला भरला, गच्च, अगदी तोंडापर्यंत. तीच चूक. दोन बोटं जागा सोडायची असते.

बारालाचा ओलांडताना मागे पाहिलं तर कॅनचे गाल फुगलेले. जवळपास पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. आतल्या वाफेला बाहेरून दाबायला कोणी उरत नाही. सरचूला झाकण जरा सैल केलं तर सोड्याच्या बाटलीसारखा फुस्स आवाज झाला आणि आट्यांवरून पेट्रोल झिरपायला लागलं. बंजीनं शेजारी बांधलेल्या पिशवीत आईनं दिलेला चिवडा होता. लेहपर्यंत त्या चिवड्याला पंपाचा वास होता, आणि तरी आम्ही तो संपवला. गळणारं तीन लिटर तिथंच नरसाळं लावून टाकीत ओतलं. वहीतली ती एकुलती नोंद हीच. उरलेलं दोन लिटर पांगच्या पुढे मोरे मैदानात कोल्हापूरच्या दोघांना दिलं. कारूला पोचलो तेव्हा माझ्या टाकीत अजून पेट्रोल खळखळत होतं.

आता अटल बोगद्यानं २०२० पासून रोहतांगचा चढ वाचवला आहे आणि इंजेक्शनच्या गाड्या हवेच्या दाबाप्रमाणे पेट्रोल आपणहून कमी करतात. तरी डबे वाढले! हिमालयन २०१६ मध्ये आली तीच टाकीच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवायची सोय घेऊन, खरं तर तिची टाकीच पंधरा लिटरची. रविवारी सकाळी पाम बीच रोडवर उभं राहावं. दोन्हीकडे चकचकीत जेरीकॅन, त्यावर प्रार्थनेच्या पताकांचे स्टिकर, आणि स्वारी निघालीय लोणावळ्याला मिसळ खायला. एकाला विचारलं, किती बसतं यात? म्हणाला, ‘काका, रिकामेच आहेत, बॅलन्सला बरे.’ १९३० च्या दशकात जर्मन सैन्यासाठी वीस लिटरचा मूळचा पत्र्याचा जेरीकॅन बनला. त्याच्या अंगावरची फुलीची खाच वाफ फुगली तर पत्र्याला सैल व्हायला जागा देते. तीच खाच आता पाम बीचवर नक्षी म्हणून मिरवते.

शेवटची नोंद २ जानेवारी २०२४ ची. हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध ट्रकवाल्यांचा संप, टँकर बंद, आणि पंपावर रस्त्यापर्यंत रांगा. लोक कॅन घेऊन आलेले, पंपवाला हात जोडून नाही म्हणतोय. शेजारची मुलगी हॉस्पिटलात नर्स, रात्रपाळीला जायचं, स्कूटर कोरडी. माझी इंजेक्शनवाली गाडी कुलूपबंद तिजोरीसारखी. तिच्यातून पेट्रोल काढायचं तर कारागीर हवा. खाली पार्किंगमध्ये बाबांची सीडी १०० उभी होती. कार्ब्युरेटरची नळी ओढली, खाली स्टीलचं पातेलं धरलं, कॉक चालूवर केला. दोन-चार थेंब पडले आणि थांबले. डावा हात टाकीखाली गेला, कॉक रिझर्व्हवर फिरवला, तेव्हा कुठे धार लागली.