कोतवाल बुकातले पणजोबा

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या गावांत वंशावळ दोन प्रसंगी निघते. सोयरीक जुळवताना ती तोंडी निघते. कोण कुणाच्या भावकीतला, कुणाची आत्या कुठल्या गावात दिली, हे ओटीवर बसलेली म्हातारी माणसे चहा होईतो उलगडून सांगतात. दुसऱ्यांदा ती निघते तालुक्याच्या कचेरीसाठी: जातीचा दाखला, वारस नोंद, वनपट्ट्याचा दावा, धरणात किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला. तिथे ओटीवरची साक्ष पुरत नाही. कागद लागतो, आणि तोही जुना.

किती जुना, ते ठरलेले आहे. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे राज्यातले वास्तव्य एका ठरावीक तारखेपूर्वीचे दाखवावे लागते. अनुसूचित जातींसाठी ती १० ऑगस्ट १९५० आहे, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आज बारावीला असलेल्या मुलीला त्या तारखांच्या पलीकडे जायचे तर आजोबा, बहुधा पणजोबा गाठावे लागतात. वंशावळ शोधणे हा परदेशात अनेकांचा निवृत्तीनंतरचा छंद असतो; मुरबाडात तो प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधीचा घोर असतो.

पणजोबा सापडण्याची पहिली जागा म्हणजे कोतवाल बुक. गावात कुणी जन्मले किंवा वारले की कोतवाल आणि पोलीस पाटील यांच्यामार्फत नोंद होई आणि ते रजिस्टर तहसील कचेरीत जमा होई. जुन्या कागदपत्रांत यालाच गाव नमुना चौदा म्हटलेले आढळते. रकाने साधे असतात: तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, मृत्यू असेल तर कारण. कारणाच्या रकान्यात पानेच्या पाने ‘ताप’ लिहिलेला दिसतो. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव मात्र बऱ्याचदा नसतेच, कारण नोंद आधी आणि बारसे नंतर. त्यामुळे शोधणाऱ्याच्या हाती लागते ते ‘धोंडू बिन रामा यास मुलगा’ एवढेच. हा मुलगा म्हणजे आपले आजोबा की त्यांचे लहानपणी गेलेले भाऊ, हे रजिस्टर सांगत नाही.

मग शाळेचा दाखला काढायचा. प्रवेश-निर्गम रजिस्टरात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात आणि जन्मतारीख असते. ही जन्मतारीख विलक्षण एकसारखी असते. जूनमध्ये शाळा उघडायची, मुलाचा जन्म कधीचा हे घरात कुणाला सांगता येत नसे, आणि गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून लिहून टाकत. एकाच वर्गातली निम्मी पोरे एकाच दिवशी जन्मलेली दिसतात. कोतवाल बुकातली तारीख खरी असूनही शाळेच्या १ जूनशी जुळत नाही, आणि दोन कागद एकाच माणसाचे आहेत हे पटवताना कुटुंबाची दमछाक होते.

तिसरा कागद जमिनीचा. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली आणि फेरफाराची वही आली. एखादा खातेदार वारला की वारसांचा फेरफार पडतो: अमुक मयत, वारस मुलगे तीन, मुली दोन, विधवा एक. कुणबी घराच्या दृष्टीने असा फेरफार म्हणजे आयती वंशावळच. चार-पाच फेरफार एकाखाली एक लावले की शंभर वर्षे उभी राहतात. जमीन सावकाराची आणि घर कुळाचे असेल, तर नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात किंवा कुळाच्या नोंदवहीत शोधावे लागते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कूळ मालक झाले, तेव्हा अशी बरीच नावे इतर हक्कातून कब्जेदाराच्या रकान्यात आली.

हे सगळे कागद कचेरीच्या दप्तरखान्यात कापडी बस्त्यांत बांधलेले होते, आणि त्यांतला एक कागद मिळवायला गाववार, सालवार बस्ते सोडावे लागत. २०२३ मध्ये चित्र पालटले. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांची समिती नेमली, आधी मराठवाड्यापुरती आणि नोव्हेंबर २०२३ पासून सगळ्या राज्यासाठी. महसूल, शाळा, भूमी अभिलेख, तुरुंग, पोलीस, उत्पादन शुल्क, मुद्रांक अशा खात्यांचे १९६७ पूर्वीचे कागद तपासले गेले. ताडीच्या परवान्यांपासून दत्तकपत्रांपर्यंत सगळे पाहिले गेले. राज्यभरात पन्नास लाखांहून अधिक कुणबी नोंदी सापडल्याचे सरकारने सांगितले, आणि त्या पानांच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गाववार चढवण्यात आल्या. आरक्षणाच्या वादात इथे शिरायचे कारण नाही. वंशावळीच्या अंगाने पाहिले तर एवढे खरे, की खेड्यापाड्यांतल्या माणसांच्या पणजोबांची नावे एवढ्या प्रमाणावर प्रथमच घरबसल्या मोबाईलवर दिसू लागली. भूमी अभिलेखाचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ऑनलाइन देण्याचे काम त्याआधीच सुरू झाले होते आणि पहिल्या काही जिल्ह्यांत ठाणे होते.

नावे दिसू लागली, पण वाचता येईनात. संकेतस्थळावर असते ते पानाचे छायाचित्र. त्यात नाव टाकून शोधता येत नाही. आपले गाव उघडून एकेक पान डोळ्यांखालून घालावे लागते. आणि पान मोडी लिपीत असेल तर घालूनही उपयोग नसतो. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली अक्षरे न थांबता लिहीत जातात. शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘मौजे’चे ‘मौ’ होते, जातीच्या रकान्यात ‘कुणबी’ऐवजी नुसते ‘कु’ असते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरकारी दप्तरात मोडी चालत होती. आज ती वाचणारे तालुक्याला बोटांवर मोजण्याइतके. पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेत आले आहेत. पूर्वी या वर्गांना इतिहासाचे विद्यार्थी आणि निवृत्त हौशी मंडळी येत. २०२३ नंतर मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला.

इथून पुढचे काम सरकारी नव्हे, हौसेने वेळ देणाऱ्या माणसांचे आहे, आणि जगात ते कसे चालते याचे नमुने आहेत. इंग्लंडमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या फ्रीबीएमडी या उपक्रमात स्वयंसेवकांनी १८३७ पासूनच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या सूच्या हाताने टंकून सर्वांना फुकट खुल्या केल्या. अमेरिकेची १९४० ची जनगणना २०१२ मध्ये खुली झाली, तेव्हा दीड लाखांहून अधिक स्वयंसेवकांनी काही महिन्यांतच तिची नावनिशी तयार केली. युटा राज्यातल्या, मॉर्मन चर्चशी जोडलेल्या वंशावळ संस्थेने तर १९७७ पासून हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही सूक्ष्मचित्रे घेतली आणि पुढे ती फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर आणली. पूर्वजांच्या नावाने विधी करण्याची त्या पंथाची श्रद्धा या खटाटोपामागे आहे. हरिद्वारच्या पंड्याला ती चटकन समजली असणार.

या कामाची शिस्त साधी असली तरी ती मोडली की सगळे फुकट जाते. पानावर जे आहे तेच उतरवायचे, दुरुस्त करायचे नाही. ‘हिरु’ असेल तर ‘हिरु’, ‘ठाकर’ असेल तर ‘ठाकर’. आपल्याला काय वाटते ते वेगळ्या रकान्यात. प्रत्येक ओळीला गाव, साल, रजिस्टर आणि पान क्रमांक जोडायचा, म्हणजे पुढच्याला मूळ पानापर्यंत जाता येते. एकच पान दोघांनी वेगवेगळे वाचायचे आणि जिथे दोघांचे वाचन जुळत नाही तिथे तिसऱ्याने निकाल द्यायचा. मोडीत तर हे हवेच, कारण घाईने लिहिलेली नावे चांगल्या जाणकारालाही चकवतात.

‘ठाकर’ दुरुस्त करून ‘ठाकूर’ लिहिण्याचा मोह नुसता शुद्धलेखनाचा नाही. शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्टीतल्या ठाकर वाड्या अनुसूचित जमातीच्या यादीत ‘ठाकूर, ठाकर’ या नोंदीखाली येतात, आणि तिथे ही दोन नावे वेगवेगळी लिहिलेली आहेत. ज्या कागदावर नुसते ‘कोळी’ आहे तो महादेव कोळी कुटुंबाला पुरत नाही. कातकऱ्यांच्या कागदावर कधी ‘कातकरी’ असते, कधी ‘काथोडी’. दाखल्याच्या पडताळणीची आजची चौकट सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या माधुरी पाटील निकालातून आली. मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या संघटनेच्याच प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले, की चालीरीती आणि बोलीवरून घेतलेली आप्तभाव चाचणी ही प्रत्येक वेळी निर्णायक कसोटी धरता येणार नाही. जुन्या कागदांचे वजन मोठे. म्हणजे पुन्हा तो रकाना, आणि त्यात मूळ काय लिहिले आहे ते.

वाचन झाले तरी जोडणी उरते, आणि तिथे बाहेरचा वाचक थांबतो. गावात एका वेळी तीन धोंडू बिन रामा असतात, कारण आजोबाचे नाव नातवाला ठेवायची रीत आहे आणि जुन्या नोंदीत आडनाव नसते. आडनावे बऱ्याच घरांत शाळेच्या दाराशी आली. एका भावाचे एक लागले, दुसऱ्याचे दुसरे, असेही होते. तिघांतला आपला कोणता, हे पुण्यात बसून मोडी वाचणाऱ्याला कळणार नाही. ते कळते धसई-टोकावड्याकडच्या, किन्हवली-डोळखांबकडच्या म्हाताऱ्यांना: वरच्या आळीचा रामा आणि खळ्याजवळचा रामा. म्हणून चांगले काम दोन टोकांनी चालते. एका टोकाला पान वाचणारा, दुसऱ्या टोकाला गावातला कॉलेजचा मुलगा, जो वाचलेली यादी आजीला ऐकवतो आणि ती ‘हा नव्हे, हा’ म्हणते ते लिहून घेतो. तिचे म्हणणे कागदाइतके पक्के नसते, पण कोणता कागद काढायचा ते तीच सांगू शकते.

आजीलाच विचारण्याचे आणखी एक कारण आहे. कागदात बाई ‘कोम’ लावून येते: अमक्याची बायको. माहेरचे नाव, कधी कधी स्वतःचेही नाव, लग्नात बदललेले. मुलगी म्हणून एका गावात नोंदलेली आणि बायको म्हणून दुसऱ्या गावात मेलेली बाई एकच, हे कुठलेही रजिस्टर जोडून देत नाही. जातीच्या दाखल्याला वडिलांकडचीच साखळी लागते, त्यामुळे दाखल्यापुरती काढलेली वंशावळ निव्वळ पुरुषांची यादी बनते. अशा यादीला कुटुंबाचा इतिहास म्हणणे जड जाते.

शिवाय ही यादी निरुपद्रवी नसते. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला आणि जमिनीला भाव आला. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क दिला आहे. अशा वेळी मोबाईलवरच्या गटात फिरणाऱ्या वंशावळीतून एखादी बहीण गळते ती दर वेळी विसरूनच गळते असे नाही. दत्तक, दुसरे लग्न, टाकलेली बायको, मृत्यूच्या रकान्यात ‘ताप’ऐवजी लिहिलेला ‘फास’, हे सगळे त्याच वह्यांत असते आणि नातवंडे जिवंत असतात. म्हणून जाणते स्वयंसेवक हयात माणसांची नावे उघड ठेवत नाहीत. फार तर ‘हयात, मुलगा’ एवढे लिहितात. आणि ऑनलाइन यादी म्हणजे पुरावा नव्हे हेही स्पष्ट सांगतात. यादी फक्त पान कुठे आहे ते दाखवते. कचेरीत चालते ती मूळ रजिस्टरवरून मिळालेली सहीशिक्क्याची नक्कल. जुन्या पानात नवी शाई घुसल्याची प्रकरणे निघतात, त्यामुळे पडताळणी समिती मूळ रजिस्टरही मागवू शकते.

कसारा घाट चढून गेले की आणखी एक दप्तर आहे, सरकारी नसलेले. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या नामावळ्या आहेत. अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला गेलेल्या माणसाचे गाव, आडनाव, बाप, आजा, सोबत कोण आले, हे पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या वह्यांत लिहिले गेले, आणि खाली यजमानाची सही किंवा अंगठा. तिथे बायकांची नावेही येतात, कारण श्राद्धात आई, आजी, पणजीचा उच्चार करावा लागतो. या वह्या घराण्यांच्या खासगी मालकीच्या आणि उपजीविकेच्या आहेत. त्या सरसकट जालावर टाका म्हणणे सोपे असले तरी उपाध्यांनी त्याला हो का म्हणावे, याचे उत्तर आधी द्यावे लागेल. शिवाय नाशिकला गेला तो खर्च परवडलेला. ज्याच्या अस्थी गावच्या काळू किंवा शाई नदीत सोडल्या, त्याचे नाव या वहीत नाही.

कातकऱ्यांचे नाव तर जवळपास कुठेच नाही. जमीन नाही म्हणून फेरफार नाही. पावसाळा संपला की कुटुंब वीटभट्टीवर, म्हणून मूल जन्मले भिवंडी-कल्याणकडे आणि शाळेत नाव लागले नाही, लागले तर टिकले नाही. पन्नास लाख नोंदी सापडल्या तरी या घरांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. वनहक्क कायद्याच्या नियमांत मात्र एक वाट ठेवलेली आहे. २००८ च्या नियम १३ मध्ये जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ हा पुरावा धरला आहे, आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही. बिगर आदिवासी शेतकऱ्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे दाखवायची असतात, तेव्हा कुणबी घरांनाही याच नियमाचा आधार घ्यावा लागतो. अशा जबाबात गावाची खूण सांगितली जाते ती कचेरीच्या भाषेत नसते: अमक्या साली म्हशाच्या जत्रेत बैल घेतला, सिद्धगडावर भाई कोतवालांना गोळ्या लागल्या तेव्हा बाप एवढा होता. सिद्धगडची स्वातंत्र्यलढ्यातली ही घटना २ जानेवारी १९४३ ची, म्हणून बापाचे वय त्यावरून काढता येते. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून, सांगणाऱ्याचे वय, वाडी आणि तारीख लिहून ठेवलेला असा जबाब ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे ठेवला जातो, आणि त्याखाली सांगणाऱ्याचा अंगठा घेतला जातो.