अंगणात बांधा अजिंठ्याचे जहाज

हिंगोली जिल्ह्यात समुद्र नाही. कयाधू, पूर्णा, पैनगंगा या नद्या आहेत, सिद्धेश्वरचे आणि इसापूरचे धरण आहे, त्यांच्या फुगवट्यात मासे धरणाऱ्यांच्या होड्या दिसतात. पण शिडाचे जहाज म्हटले की आपल्याकडच्या पोराला ते पुस्तकातल्या चित्रातच पाहावे लागते. मग औंढ्याच्या नाहीतर सेनगावच्या मुलाने जहाजाचा नमुना करायचा तो कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर आहे आणि ते आपल्या मराठवाड्यातच आहे.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात एक जहाज रंगवलेले आहे. तीन डोलकाठ्या, उंच शिडे आणि जहाजावर ओळीने मांडलेले रांजण. चित्र सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे. शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा, तेथील पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या बौद्ध कथेतला तो प्रसंग आहे. (आपल्या पूर्णा नदीशी या पूर्णाचा काही संबंध नाही, नावाचा तेवढा योग.) समुद्रापासून इतक्या आत, डोंगराच्या कपारीत बसून कोणा चित्रकाराने डोलकाठ्या आणि शिडे काढली, तेव्हा त्याने किंवा त्याला सांगणाऱ्याने जहाज नीट पाहिलेले असणार.

या अजिंठ्याच्या चित्रांवरून आपल्या काळात खरेखुरे जहाज बांधले गेले. सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला. १२ सप्टेंबर २०२३ रोजी जहाजाचा कणा घातला, फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरले, २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाले. नाव ‘कौंडिण्य’. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या हाताखालच्या कारागिरांनी फळ्या खिळ्यांनी ठोकल्या नाहीत, नारळाच्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. होय, गोधडी शिवावी तशा शिवल्या, आणि फटी राळ व काथ्याने बुजवल्या. २९ डिसेंबर २०२५ रोजी हे जहाज पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये ओमान देशातील मस्कतला पोचले. वाऱ्यावर गेले बरे का, इंजिनावर नव्हे.

आता मुद्द्याची गोष्ट. हे जहाज बांधायला घेतले तेव्हा जुना नकाशा कोणाजवळच नव्हता. भिंतीवरचे चित्र तेवढे होते. चित्रावरून मापे काढली, आणि जहाज पाण्यात कसे वागेल हे कळावे म्हणून मद्रासच्या आय.आय.टी. संस्थेत लहान नमुना करून पाण्याच्या टाकीत त्याची परीक्षा घेतली. म्हणजे ज्याला आपण खेळणे म्हणतो, त्याच्या भरवशावर माणसे पुढे खऱ्या समुद्रात गेली. तुमच्या मुलाने किंवा मुलीने अंगणात बसून नमुना केला तर तेच काम लहान अंगाने होते.

पन्नासास एक

कौंडिण्य जहाज सुमारे १९.६ मीटर लांब आणि ६.५ मीटर रुंद आहे. खऱ्या पन्नास सेंटिमीटरला नमुन्याचा एक सेंटिमीटर धरा. म्हणजे लांबी ३९ सेंटिमीटर आणि रुंदी १३ सेंटिमीटर झाली. आपल्या हाताएवढी लांबी आणि वीतभराहून कमी रुंदी, लाकडाच्या लहान तुकड्यात बसणारी. जहाजावरचा माणूस या हिशेबाने सव्वातीन सेंटिमीटर होतो. प्रत्येक वस्तू पन्नासने भागायची, डोळ्याच्या अंदाजाने नाही. मुले भागाकार कंटाळून करतात, पण हा भागाकार चुकला तर डोलकाठी तिरपी दिसते आणि ते त्यांचे त्यांनाच दिसते.

येथे एक गंमत सांगतो, ती मुलांकडून सोडवून घ्या. एका कणगीची लांबी, रुंदी, उंची तिन्ही निम्मी केली तर धान्य किती मावेल? निम्मे नव्हे, आठवा हिस्सा. तसेच जहाजाचे. लांबी पन्नास पटीने घटली की शिडाचे कापड अडीच हजार पटीने घटते आणि वजन सव्वा लाख पटीने. समजा खरे जहाज पन्नास टनांचे असेल, तर त्याचा नमुना ४०० ग्रॅमचा. वजन इतके घटले, पण वारा तोच राहिला. शिडाच्या मानाने नमुना फार हलका पडतो, म्हणून झुळूक आली की तो आडवा होतो. बऱ्याच मुलांची पहिली होडी येथेच पालथी पडते आणि त्यांना वाटते की आपले काम बिघडले. काम बिघडलेले नसते, तळाला वजन हवे असते. ते पुढे येईलच.

लाकूड आणि हत्यारे

सागवान नको, महाग आणि जड. पांगारा किंवा सावर मिळाली तर उत्तम. दोन्ही लाकडे हलकी, चाकूला नमणारी. गावच्या सुताराकडे खोक्यांच्या फळ्यांचे आणि इतर तुकडे पडलेले असतात, ते मागून आणा. सुताराला नुसते लाकूड मागू नका, तासभर त्याच्यापाशी बसा. वाकस कसा धरावा, लाकडाची रेघ कोणत्या बाजूने जाते, रंधा उलटा मारला की लाकूड का उपटते, हे पुस्तकापेक्षा त्याच्या हाताकडे पाहून लवकर कळते. ज्वारीच्या धांड्यांच्या बैलगाड्या केलेल्या पोरांना हे अवघड नाही.

हत्यारे थोडी पुरतात. लहान करवत, पटाशी, कानस, दोन जातींचा पॉलिश पेपर, एक पट्टी, पेन्सिल आणि जुनी कॅलेंडरे. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक-एक सेंटिमीटरच्या चौकटी आखून जहाजाचे दोन आकार काढा, एक बाजूने दिसणारा आणि एक वरून दिसणारा. मुलाने काढले की मुलीने, असा भेद करू नका. पटाशी मुलीच्या हाती द्या आणि शीड मुलाकडून शिवून घ्या, दोघांनाही दोन्ही यायला हवे. पटाशी नेहमी शरीरापासून दूर चालवायची आणि दुसरा हात पात्याच्या पुढे कधी ठेवायचा नाही, हे पहिल्या दिवशीच सांगा.

थरांनी बांधणी

खरे जहाज फळ्या वाकवून बांधतात. नवशिक्याने तसे करू नये. सोपी पद्धत अशी. दोन सेंटिमीटर जाडीच्या चार फळ्या घ्या. सर्वांत वरची पूर्ण आकाराची कापा, तिच्याखालची किंचित लहान, तिच्याखालची आणखी लहान, तळाची सर्वांत अरुंद. वरच्या तीन फळ्या आतून पोकळ कापा, भिंत दीड सेंटिमीटर ठेवा. तळाची भरीव राहू द्या. मग एकावर एक चिकटवा, दोऱ्याने आवळा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. आता हे पायऱ्यांसारखे दिसेल. रंध्याने आणि कानशीने पायऱ्या झिजवत गेलात की आतून जहाजाचा बाक बाहेर येतो.

डिंकाबद्दल एक सूचना. साधा पांढरा फेविकॉल पाण्यात नरम पडतो. जहाज नुसते कपाटावर ठेवायचे असेल तर चालेल, पाण्यात सोडायचे असेल तर पाण्याला टिकणारा मरीन फेविकॉल आणा.

दोन बाजू सारख्या होणे हेच खरे कठीण. डोळा फसतो, कारण एक बाजू उजव्या हाताने आणि दुसरी अवघडून तासली जाते. त्यासाठी पुठ्ठ्याचे साचे करा. नाळेजवळ, मधोमध आणि मागे, अशा तीन ठिकाणी एका बाजूचा बाक पुठ्ठ्यावर कापून घ्या आणि तोच पुठ्ठा उलटा करून दुसऱ्या बाजूला लावा. जेथे उजेड दिसतो तेथे लाकूड कमी आहे, जेथे पुठ्ठा बसत नाही तेथे जास्त आहे. घाई येथे फार नडते. जास्त तासलेले लाकूड परत चिकटत नाही.

शिवणीचा देखावा आणायचा असेल तर हिशेब करा. खऱ्या जहाजाची दोरी दोन सेंटिमीटर जाडीची धरली तर पन्नासाने भागून अर्ध्या मिलिमीटरहून बारीक येते, म्हणजे शिवणाचा जाड दोराच झाला. फळ्यांच्या रेषा पेन्सिलीने आखा, रेषेच्या दोन्ही बाजूंना सुईने बारीक टोचे पाडा आणि दोरा डिंकात बुडवून बसवा. कंटाळवाणे काम आहे, पण पाहणारा प्रथम तेच पाहतो.

डोलकाठीला बांबूची कामटी, शिडाला जुन्या धोतराचे तलम कापड. चहाच्या पाण्यात उकळले की त्याला उन्हापावसात वापरलेल्या शिडाचा रंग येतो. कौंडिण्याच्या शिडांवर कदंब घराण्याचे चिन्ह असलेला गंडभेरुंड म्हणजे दोन तोंडांचा पक्षी आणि सूर्य काढलेला आहे, नाळेवर सिंहयाळी कोरलेली आहे आणि वर दगडी नांगर आहे. नांगराला नदीतला चपटा गोटा पुरे. सुकाणू मात्र आजच्या जहाजासारखे मागे बिजागरीवर नाही, बाजूला लावलेली मोठी वल्ही आहेत. येथे बरेच जण चुकतात, फोटो नीट पाहून बसवा.

रंगाचे काम

श्रावणात रंग काढू नका. हवा ओली असते, रंग सुकत नाही आणि त्यावर धुरकट पांढरेपणा येतो. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांतही नको, भुसकट ओल्या रंगावर बसते. दिवाळी उलटल्यापासून हळद काढणी सुरू होईपर्यंतचे दिवस चांगले, हवा कोरडी आणि हातही थोडे मोकळे. रंगवायला सकाळची वेळ घ्या.

हळदीचा रंग द्यावासा वाटेल, आपल्या घरचीच आहे. देऊ नका, उन्हात हळदीचा पिवळा रंग थोड्या दिवसांत उडतो. गेरू आणि काजळी टिकतात. प्रथम लाकडाला प्रायमर, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर, मग ऑईल पेंटचे पातळ हात. एक जाड हात मारण्यापेक्षा तीन पातळ बरे, जाड रंगाने कोरीव काम बुजते. आणि रंग डबीतून काढून तसाच लावू नका, त्यात थोडा पांढरा मिसळा. लहान वस्तूवर भडक रंग फार अंगावर येतो, त्यामुळे नमुना जहाजासारखा न दिसता खेळण्यासारखा दिसतो.

घरात जुना डबा पडला असेल तर तो वापरू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते, ते लहान मुलांच्या मेंदूला बाधते, आणि घासताना उडालेली धूळ तर थेट नाकात जाते. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा रंग कालवायला घेणे हेही तसेच घातक, कितीही धुतला तरी.

काहींना रंगापेक्षा लाकडाचीच झाक आवडते. (मलाही तीच आवडते.) त्यांनी जवसाच्या तेलाचे हात द्यावेत. पण येथे फार सांभाळा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या तर सुकताना त्या आपोआप तापतात आणि काडी न लावता पेटू शकतात. कडब्याच्या गंजीजवळ, कापसाजवळ असली चिंधी पडली तर वर्षाचा चारा जाईल. चिंध्या मोकळ्या पसरून दगडावर उन्हात वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पाण्यात

पहिली परीक्षा घराच्या हौदात किंवा मोठ्या परातीत घ्या. शीड न लावता जहाज सोडा. एका अंगाला कलले तर दुसऱ्या अंगाला आत वजन ठेवा. जुने नट-बोल्ट, खिळे यांची पुरचुंडी तळाला मधोमध ठेवून हळूहळू वाढवत जा. जहाज जितके पाणी बाजूला सारते तितक्याच पाण्याच्या वजनाचे ते असते. म्हणून वजन घातले की ते खाली बसते, आणि ठरवलेल्या रेषेपर्यंत पाणी आले की थांबा. मग वजन तेथेच चिकटवून टाका, सुटे राहिले तर कललेल्या बाजूला घरंगळते आणि जहाज उलटते. त्यानंतर शीड लावून पंख्यासमोर नाहीतर दारातल्या वाऱ्यात पाहा.

आणि हे आईबापांसाठी. मुले म्हणतील, शेततळ्यात सोडू. कृपा करून एकट्या मुलांना जाऊ देऊ नका. प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे ओले झाले की शेवाळाने इतके निसरडे होते की पोहणाऱ्या मोठ्या माणसालाही काठावर चढून येता येत नाही. वाऱ्याने होडी आत गेली की पोर तिच्यामागे वाकते. जायचेच असेल तर मोठे माणूस बरोबर हवे, होडीला लांब दोरा हवा आणि तळ्याच्या उतारावर खुंटीला बांधून गाठी मारलेला दोर किंवा टायरची नळी सोडलेली हवी. हा दोर होडी असो वा नसो, प्रत्येक शेततळ्यावर कायमचा असावा. विहिरीच्या काठावर तर हा खेळ नकोच.

शाळेत विज्ञान प्रदर्शन असेल तेव्हा हा नमुना न्या आणि सोबत कागदावर पन्नासाच्या हिशेबाचे कोष्टक लावा. कॉलेजात राष्ट्रीय छात्र सेनेची नौदल शाखा असेल तर त्यांच्या नौसैनिक शिबिरात जहाजाचे नमुने करण्याची स्पर्धाच असते. यातून नोकरी मिळेल असे मात्र कोणी पोराला सांगू नये.

पाण्यातून काढल्यावर जहाज पुसून सावलीत वाळवा. चुलीवरच्या फळीवर किंवा पत्र्याच्या घरात थेट उन्हाखाली ठेवले तर थर उकलतात. आणि तळाला, रंग लावण्याआधीच, पेन्सिलीने करणाऱ्याचे नाव, गाव आणि वर्ष लिहून ठेवा.