उजेडाला लागलेला धक्का

दादरजवळ प्रभादेवीला काशीनाथ धुरू मार्गावर लोकमान्य विदेश संचार भवन आहे. समुद्राच्या तळावरून आलेल्या केबल इथे मुंबईत दाखल होतात. इंग्लंडपासून जपानपर्यंत जाणारी, १९९७ साली सुरू झालेली ‘फ्लॅग’ ही त्यांतलीच एक. तिच्या पोटात काचेचे तंतू असतात आणि त्यांतून उजेड धावतो, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर!

अशा तंतूचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, म्हणजे तुमच्या केसाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा. एवढ्याशा जागेत लेसरचा साधा उजेड कोंबला, तरी तो भर दुपारच्या उन्हापेक्षा हजारो पटींनी प्रखर होतो. मग काचेचा गुणच किंचित बदलतो. म्हणजे बघा, उजेड स्वतःच स्वतःची वाट बदलू लागतो!

त्यात भर पडते गोंगाटाची. लांबच्या प्रवासात उजेड मंदावतो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी त्याचं बळ वाढवणारे प्रवर्धक बसवतात. त्यांतले एर्बियमचे अणू येणाऱ्या उजेडात आपली भर घालतात. पण काही अणू कुणी न सांगताच, मनाला येईल तेव्हा उजेड सोडून देतात. हाच तो गोंगाट, कानाला ऐकू न येणारा.

लालबागच्या विसर्जन मिरवणुकीत मोकळ्या जागी कुणाचा धक्का लागला, तर तुम्ही नुसते बाजूला सरकता. खच्चून गर्दीत मात्र तोच धक्का पार पुढच्या रांगेपर्यंत पोहोचतो. प्रखर उजेडात गोंगाटाच्या धक्क्याचंही अगदी तसंच होतं. १९८६ मध्ये जेम्स गॉर्डन आणि हर्मन हाउस यांनी दाखवून दिलं, की आकार न बदलता धावणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा रंग गोंगाटामुळे कणभर बदलतो. काचेत प्रत्येक रंगाचा वेग वेगळा, त्यामुळे ठिपका कधी लवकर पोहोचतो, तर कधी उशिरा!

खरी कमाल २००७ ची. कॅलिफोर्नियात डॅनियल सोली आणि त्यांच्या सोबत्यांनी खास तंतूंत लेसरचे झोत सोडले. बहुतेक वेळा साधेच झोत बाहेर पडले, पण क्वचित एखादा अचानक प्रचंड उसळला. कारण? सुरुवातीला मिसळलेला चिमूटभर गोंगाट! पुढच्याच वर्षी त्यांनी मुद्दाम, मोजूनमापून, अगदी क्षीण उजेड आधीच मिसळून पाहिला, आणि तो बेभरवशाचा झोत चक्क ताब्यात आला.