हौशी गळा आणि चोख अभिप्राय

संगीत ही गुरुमुखी विद्या होय, असें आपण परंपरेनें मानीत आलों आहों, आणि तें यथार्थही आहे. परंतु ज्याला या विद्येचा धंदा करावयाचा नाहीं, ज्याचा दिवस कचेरींत, शाळेंत किंवा स्वयंपाकघरांत जातो, आणि तरीही ज्याच्या जिवाला स्वरांची ओढ आहे, अशा हौशी माणसानें काय करावें? लहानपणीं दोनचार वर्षें गाणें किंवा पेटी शिकून झालेली असते. पुढें परीक्षा, नोकरी, लग्न यांच्या धबडग्यांत शिकवणी सुटते. मग गाणें उरतें तें मंगळागौरीच्या रात्रीं, गणपतीच्या आरतीनंतर, अथवा कोजागिरीस गच्चीवर. श्रोते सगळे घरचेच. गाणें संपतांच "छान, छान" होतें, मसाल्याचें दूध येतें, आणि दहा वर्षांपूर्वीं गळा जेथें होता तेथेंच राहतो.

या "छान"नें हौशी गळ्यांचें जितकें नुकसान केलें आहे तितकें टीकेनें खचित केलें नसेल. ज्यानें शाळेंत मुलांच्या निबंधांच्या वह्या तपासल्या आहेत, त्याला हें सांगावयास नको. वहीवर नुसतें "ठीक" लिहून दिलें तर पुढचा निबंध तसाच येतो. कोणतें वाक्य लंगडें आहे आणि कां, हें समासांत लिहिलें तर मुलगा पुढच्या वेळीं तेवढें तरी टाळतो. गाण्याचेंही तसेंच आहे. फरक एवढाच कीं गाण्याला वही नाहीं आणि समासही नाहीं. तो समास कोठें मिळेल, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

कलावंतानें दुसऱ्याच्या परीक्षेस उतरावें, ही कल्पना आपणांस परकी नाहीं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायांत नाट्यप्रयोगाच्या सिद्धीचा विचार आहे. प्रयोगाविषयीं चढाओढ आणि वाद उत्पन्न झाल्यास निर्णय कोणीं द्यावा, हें सांगतांना तेथें दहा प्राश्निक म्हणजे परीक्षक गणले आहेत: यज्ञवेत्ता, नर्तक, छंदःशास्त्रज्ञ, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. प्रत्येकानें आपापल्या प्रांतापुरतें बोलावयाचें. यज्ञाचा प्रसंग असेल तेथें यज्ञवेत्त्यानें, लांबलचक भाषणें असतील तेथें वैयाकरणानें, वेषभूषेपुरतें चित्रकारानें. शिवाय दोष टिपून ठेवणारा लेखक आणि त्यांची मोजदाद करणारा गणकही सांगितला आहे. म्हणजे "प्रयोग बरा झाला" एवढ्यावर आमच्या शास्त्रकारांचें समाधान नव्हतें. काय चुकलें, कोठें चुकलें आणि तें सांगण्याचा अधिकार कोणाचा, हें त्यांना हवें होतें.

हेंच तत्त्व आज निराळ्या रूपानें इंटरनेटवर अवतरलें आहे. तेथें हौशी लोकांनीं एकमेकांसाठीं स्पर्धा आणि स्वाध्याय चालविले आहेत. त्यांतील तीन उदाहरणें वाचकांपुढें ठेवितों.

पहिलें "डिस्क्वाएट जुंटो" या मंडळाचें. बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन मुद्रकानें १७२७ सालीं फिलाडेल्फिया शहरांत परस्परांच्या उन्नतीसाठीं कारागीर व व्यापारी मित्रांचें एक मंडळ काढलें होतें. त्याचें नांव जुंटो. तें नांव घेऊन मार्क वाइडनबॉम नांवाच्या अमेरिकन लेखकानें जानेवारी २०१२ मध्यें हा उपक्रम सुरू केला. दर गुरुवारीं एक विषय द्यावयाचा आणि सोमवारच्या रात्रीपर्यंत ज्याला जमेल त्यानें त्यावर संगीतरचना करून पाठवावयाची. पहिलाच विषय असा होता कीं, पेल्यांतील बर्फाच्या किणकिणाटाचें ध्वनिमुद्रण करावें आणि त्यांतून कांहीं संगीत निर्माण करावें. येथें बक्षीस नाहीं, क्रमांक नाहीं. एकमेकांचें ऐकावें आणि त्यावर बोलावें, एवढेंच.

दुसरें "वन सिंथ चॅलेंज" या मासिक स्पर्धेचें. ही २००९ सालीं सुरू झाली. सिंथेसायझर म्हणजे विजेवर नाद उत्पन्न करणारें वाद्य. हल्लीं तें संगणकांतील आज्ञावलीच्या रूपानेंही मिळतें. या स्पर्धेंत महिन्यासाठीं असें एकच वाद्य ठरवून दिलें जातें. सुरावट, साथ, ताल, सारें कांहीं त्या एकाच वाद्यांतून काढावयाचें. जिच्या घरांत केवळ तांदळाचें पीठ आहे अशा सुगृहिणीनें त्याच पिठाचे मोदक, घावन आणि आंबोळ्या कराव्या, तसा हा प्रकार आहे. नंतर रचना ऐकून मतें दिलीं जातात.

तिसरा उपक्रम "फेब्रुवारी अल्बम रायटिंग मंथ" या नांवाचा असून तो २००४ पासून आहे. फेब्रुवारीच्या अठ्ठावीस दिवसांत चौदा गीतें रचावयाचीं, असा त्याचा नेम. येथेंही विजेता कोणी नसतो. भाग घेणारे एकमेकांचीं गीतें ऐकून अभिप्राय लिहितात, आणि चौदा पुरीं झालीं कीं व्रताचें उद्यापन झालें.

हे तिन्ही प्रकार पाश्चात्त्य पद्धतीच्या संगीताचे आहेत. तेव्हां त्यांत आपल्या ख्याल-ठुमरीला काय लाभ, असा प्रश्न साहजिकच कोणी विचारील. लाभ तेथील रचनांत शोधूं नये, रीतींत शोधावा. त्या रीतीचे चार घटक आहेत.

पहिला घटक म्हणजे मुदत. हौशी माणसाचें "सवड मिळाली कीं करूं" हें कधींच संपत नाहीं. सोमवारीं रात्रीं द्यावयाचेंच आहे म्हटलें कीं अर्धा तास आपोआप सांपडतो. दुसरा घटक मर्यादा. सारें संगीत पुढें पसरलेलें असलें म्हणजे कोठून आरंभ करावा हें सुचत नाहीं. एकच वाद्य, एकच विषय दिला कीं बुद्धीला वाट फुटते.

तिसरा घटक ध्वनिमुद्रण. हा सर्वांत कठोर गुरु होय. दूर असलेल्या दोघांनीं इंटरनेटवरून एकाच तालांत एकाच वेळीं गाणें कठीण असतें, कारण आवाज पोहोंचण्यास विलंब लागतो. तो विलंब सेकंदाच्या पंचवीस-तीस सहस्रांशांहून अधिक झाला कीं साथीदारांची लय ओढली जाऊं लागते. म्हणून या स्पर्धांत आधीं गाऊन-वाजवून, मुद्रित करून मग पाठवावें लागतें, आणि पाठविण्यापूर्वीं स्वतःचें स्वतः ऐकावें लागतें. येथेंच पहिला धक्का बसतो. आपण बोलतों-गातों तेव्हां आपला आवाज हवेंतून कानांत येतोच, पण डोक्याच्या हाडांतूनही आंतल्या कानापर्यंत जातो, आणि त्या वाटेनें खर्जाचा भाग अधिक पोहोंचतो. त्यामुळें आपला आवाज आपणांस भरदार वाटतो. मुद्रण ऐकतांना हाडांची ही मदत नाहींशी होते आणि लोकांना जो आवाज ऐकूं येतो तोच प्रथम आपल्या कानीं पडतो. पुष्कळांना हा आवाज आवडत नाहीं व ते तेथेंच थांबतात. जो तो सहन करून दहा वेळां ऐकतो, त्याला गंधार कोठें उतरला हें सांगावयास दुसऱ्या कोणाची गरज उरत नाहीं.

चौथा घटक अभिप्राय. आणि याविषयीं थोडें सविस्तर लिहिणें प्राप्त आहे. देवगिरीच्या यादवराजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत "संगीतरत्नाकर" हा ग्रंथ लिहिला. त्यांत गायकाचे पंचवीस दोष नांवानिशीं दिले आहेत. दांत आवळून गातो तो संदष्ट. नीरस ओरडतो तो उद्घुष्ट. घाबरत गातो तो भीत. भयंकर तोंड वासतो तो कराली. कावळ्यासारखा कर्कश तो काकी. ताल सोडतो तो विताल. डोळे मिटून गातो तो विनिमीलक. ज्याचीं अक्षरें कळत नाहींत तो अव्यक्त. नाकांत गातो तो सानुनासिक. आणि ज्याचें लक्षच नाहीं तो अनवधान. हा निंदेचा कोश नव्हे. वैद्य रोगाला नांव देतो तें रोग्याला हिणविण्यासाठीं देत नाहीं. नांव कळलें कीं उपाय सुचतो म्हणून देतो. "मजा आली नाहीं" हा अभिप्राय नव्हे. "अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळींत शब्द अव्यक्त झाले" हा अभिप्राय होय.

असा अभिप्राय देणाऱ्याचा लाभ घेणाऱ्याहून मोठा असतो, हें या स्पर्धांचें खरें मर्म आहे. दुसऱ्याच्या गाण्यांतील दोष नेमका सांगावयाचा तर तें तीन वेळां लक्षपूर्वक ऐकावें लागतें, आणि तिसऱ्या वेळीं तोच दोष आपल्यांतही आहे हें ध्यानांत येतें. मग तो दाखविण्यास कोणी लागत नाहीं.

हौशी मंडळांतून केवढें कार्य उभें राहतें, याचें उदाहरण आपल्या मुंबईचेंच आहे. कैखुशरू काबराजी यांनीं १८७० सालीं तेथें "गायन उत्तेजक मंडळी" स्थापन केली. पारशी गृहस्थांच्या या मंडळींत १८८४ सालीं एक तरुण महाराष्ट्रीय विद्यार्थी दाखल झाला. त्याचें नांव विष्णु नारायण भातखंडे. पुढें ते वकील झाले. गाण्याचा धंदा त्यांनीं केला नाहीं. परंतु त्या मंडळींत त्यांना गुणी गवयांकडून शेंकडों चिजा मिळाल्या आणि ऐकणाऱ्या-बोलणाऱ्या रसिकांची संगत लाभली. त्याच माणसानें पुढें देशभर हिंडून चिजा जमविल्या, स्वरलिपींत बसविल्या, क्रमिक पुस्तकें छापलीं, आणि १९१६ मध्यें बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविण्यांत पुढाकार घेतला. त्या हौशी मंडळीचें ऋण प्रत्येक संगीतविद्यार्थी आज जाणतां अजाणतां फेडीत आहे.

आतां धोके. उंटाच्या लग्नांत गाढव गावयास बसलें. गाढवानें वराच्या रूपाची तारीफ केली आणि उंटानें गवयाच्या आवाजाची, ही गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. इंटरनेटवरील कित्येक गायनमंडळें याच लग्नाचीं वऱ्हाडें आहेत. "तूं मला वाखाण, मी तुला वाखाणतों" या करारांत कोणाचाच गळा सुधारत नाहीं. दुसरा धोका यंत्राचा. "ऑटो-ट्यून" नांवाची स्वर जाग्यावर आणणारी आज्ञावली १९९७ पासून बाजारांत आहे. धंदेवाईकानें ती वापरावी कीं नाहीं हा त्याचा प्रश्न. पण शिकणाऱ्यानें वापरणें म्हणजे उत्तरें पाहून गणित सोडविणें होय. तिसरा धोका अधिक गंभीर आहे. अनोळखी लोकांच्या शब्दांना लगाम नसतो, आणि मुलीबाळींच्या गाण्याऐवजीं त्यांच्या रूपावर बोलणारे तेथें भेटतात. यास्तव लहान मुलांचीं व मुलींचीं मुद्रणें परक्या जागीं पाठवितांना वडील माणसांनीं लक्ष घालावें, चेहरा न दाखवितां केवळ आवाज पाठवावा, आणि अभद्र बोलणारा दिसतांच तें दार बंद करावें. चौथी गोष्ट धोका नसून मर्यादा आहे: आवाज ऐकणारा शंभर कोसांवरून दोष सांगूं शकतो, पण बैठक, श्वास, जबडा हें समोर बसलेला गुरुच पाहतो. गुरु मिळत असेल तर स्पर्धेनें त्याची जागा घेऊं नये.

हें सगळें वाचून कोणी म्हणेल, आम्हांला परदेशच्या मंडळांत जाण्याची हौस नाहीं. तर मग स्वतःच्या कुटुंबांतच हें कां करूं नये? आजचें एकत्र कुटुंब एका वाड्यांत मावत नाहीं. थोरले काका नागपुरास, आत्या इंदुरास, पुतण्या अमेरिकेंत, अशी स्थिति आहे. पण मोबाईलवर सर्व एका ओसरीवर असल्यासारखे बोलतात. त्या ओसरीवर सणाच्या शुभेच्छा फिरतात, त्यांतच महिन्यास एक स्वाध्याय फिरवावा.

उदाहरणार्थ, पहिल्या महिन्यास भूप आणि देशकार हे दोन राग द्यावे. दोहोंचे स्वर तेच पांच: सा, रे, ग, प, ध. परंतु भूपाचा वादी गंधार, तो पूर्वांगांत रमतो आणि सायंकाळनंतर गातात. देशकाराचा वादी धैवत, तो उत्तरांगांत राहतो आणि सकाळीं गातात. प्रत्येकानें दोहोंपैकीं कोणत्याही एकाची तीन मिनिटांची आलापी मुद्रित करून, रागाचें नांव न सांगतां, घरांतील एका विश्वासू माणसाकडे पाठवावी. त्यानें गाणाऱ्याचें नांव झांकून ती सर्वांस द्यावी. ऐकणाऱ्यांनीं राग ओळखावा, आणि एक गुण व एक दोष लिहावा. दोष शक्य तों नेमक्या नांवानें. पांचांपैकीं चौघांना देशकार हा भूप वाटला, तर गाणाऱ्याला धैवतावर किती काम करावयाचें आहे हें एका दिवसांत कळेल. त्याच रागाची आलापी त्यानें पुढच्या महिन्यास पुन्हां पाठवावी. या दुसऱ्या वेळेवांचून अभिप्रायाला अर्थ नाहीं.

नांव झांकण्यांत एक सोय आणखी आहे. घरांत सासऱ्याच्या गाण्याचा दोष सून सांगत नाहीं, आणि सुनेच्या गाण्याचा गुण सासू सहसा बोलून दाखवीत नाहीं. नांव नसलें म्हणजे दोघींचीही अडचण दूर होते. जी सून लग्नापूर्वीं चार वर्षें गाणें शिकली आणि जिचा तंबोरा माळ्यावर गवसणींत पडला आहे, तिला घरच्यांनीं "तुझी मध्यलय घाईची होते, पण षड्ज चांगला लागतो" एवढें सांगितलें, तर ती पुढच्या महिन्यास पुन्हां गाईल. आणि तंबोरा खालीं उतरविण्यास घरांतला कोणी मुलगा शिडी लावील, तर त्याचाही या विद्येशीं परिचय तेथूनच सुरू होईल.