एआय एजंटसाठी साधनवर्णनाची सुस्पष्टता : भंडारा जिल्ह्यातील धानशेतीच्या संदर्भात

संगणकीय साधनाच्या माहितीपुस्तिकेत काही अस्पष्ट राहिल्यास प्रोग्रामर सहकाऱ्यास विचारतो. एआय एजंटला बहुधा ती सोय नसते. लिखित वर्णन हाच त्याचा आधार होय. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने मांडलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये साधनाचे नाव, वर्णन व निविष्टींचा आराखडा देण्याची व्यवस्था आहे. परंतु वर्णन नेमके लिहिणे लेखकाच्याच हाती राहते.

भंडारा जिल्ह्यातील धान उत्पादकाचे उदाहरण घ्यावे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, तर बोलण्यात एकर. खतमात्रा काढणाऱ्या साधनाच्या वर्णनात नुसते 'क्षेत्र' लिहिले असेल, तर 2 एकर हे 2 हेक्टर धरले जाऊन मात्रा जवळपास अडीचपट निघेल. आणि उत्तर मात्र बिनचूक भासेल. याउलट 'क्षेत्र हेक्टरमध्ये; 1 हेक्टर म्हणजे सुमारे 2.47 एकर' एवढे नमूद असल्यास एजंट रूपांतर करूनच आकडा देऊ शकतो.